जंगलाच्या गावी पाहुणा येतो, पैसा कोठे जातो?

गेल्या दिवाळीच्या आधी, दुकानात गिऱ्हाईकांची गर्दी असतानाच राधानगरीच्या वरच्या अंगाचे एक शेतकरी आले. जुने गिऱ्हाईक. लग्नसराईत आहेराचे कापड ते आमच्याकडूनच नेतात. या वेळी त्यांना आहेराचे काही नको होते. म्हणाले, "भाई, बारा चादरी दाखवा. पांढऱ्या नकोत, मळखाऊ बघा. पावण्यांसाठी पायजेत."

मी विचारले, "लग्न कोणाचे काढले?"

"लगीन न्हवं. जंगल बघायला पावणं येत्यात न्हवं का, त्यांच्यासाठी."

चादरी निवडून झाल्या. पैसे देताना त्यांनी निम्मे रोख ठेवले आणि बाकी हंगाम संपल्यावर देतो म्हणाले. उधारी देण्याला माझी ना नव्हती. पण पाहुणे येतात म्हणता, मग हात इतका आखडता का, असे मी सहज विचारले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सगळी हकिकत सांगितली.

त्यांच्या गावात आठ घरांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती. पहिल्या वर्षी माणशी जेवणासह आठशे रुपये घेत. दुसऱ्या वर्षी एका घराने सातशे केले, तिसऱ्या वर्षी दुसऱ्याने साडेपाचशे. जीपवाला ज्या घरातून शंभर रुपये दलाली सुटेल त्याच घरापुढे गाडी उभी करू लागला. साडेपाचशेतून शंभर जीपवाल्याला गेल्यावर ताटात काय पडणार? आधी तूप गेले, मग ताक गेले, मग आमटी पातळ झाली. पाहुणे कुरकुरले आणि पुढच्या खेपेला खाली मोठ्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये उतरले. त्याचा मालक बाहेरगावचा. गावातली दोन पोरे तेथे पहाऱ्यावर आहेत आणि एक बाई भांडी घासते. गावाच्या वाट्याला आले ते एवढेच.

यापेक्षाही एक गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या डोक्यातून जाईना. त्यांच्या बांधाला बांध असलेला शेजारी पाहुणे ठेवत नाही. त्याच्या भाताचा एक तुकडा गव्यांच्या कळपाने दोन रात्रींत साफ केला. पाहुण्यांना घेऊन माळाकडे जाणारी पायवाट त्याच्याच रानातून जाते, ती त्याने काटे टाकून बंद केली. समजवायला गेले तर म्हणाला, "माझं भात गव्यानं खाल्लं, आन् गवा दाखवून पैसं तू घेणार व्हय?"

व्यापारी बंधूंनो, या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय खेड्यातला निसर्ग पर्यटनाचा धंदा उभा राहणार नाही, असे माझे मत आहे. सरकारी कागदांत 'स्थानिकांचा सहभाग' हे शब्द पुष्कळ वेळा येतात. पण स्थानिक म्हणजे कोण? पाहुणा ठेवणारा स्थानिक, जीपवाला स्थानिक, वाटाड्या स्थानिक, आणि ज्याचे भात गेले तोही स्थानिकच. शिवाय या गावांना मीठ-मिरचीपासून चादरीपर्यंत सगळे ज्या पेठेतून जाते, त्या कोल्हापूरच्या पेठेतले आपणही या व्यवहारात आहोत, मग आपण तसे मानो वा न मानो.

दाजीपूरचे जंगल कोल्हापूरकरांना नवे नाही. संस्थानच्या काळात ते शिकारीसाठी राखलेले रान होते. १९५८ साली ते गव्यांचे अभयारण्य झाले. महाराष्ट्रातले हे पहिले अभयारण्य मानतात. १९८५ मध्ये आजूबाजूचे रान जोडून त्याचे राधानगरी अभयारण्य झाले आणि क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटरवर गेले. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा यादीत घेतली, त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कोल्हापूरहून फोंडा घाटाकडे जाणारी एसटी धरली की दोन-अडीच तासांत माणूस तेथे पोहोचतो. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. पाऊस ओसरला की पाहुणे यायला लागतात ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

काही बंधू म्हणतील, जंगल वनखात्याचे, गाव त्यांचे, आपण कापड विकावे आणि गप्प बसावे. त्यांना मी एवढेच विचारीन की घरचा नळ उघडल्यावर पाणी कोठून येते? काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरात आले. ते धरण त्या जंगलाच्या कडेलाच आहे. भोगावतीवरचे राधानगरीचे धरण शाहू महाराजांनी १९०७ च्या सुमारास हाती घेतले, आणि त्याआधी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. वर पाणी अडवायचे, खाली ऊस पिकवायचा, गूळ पेठेत आणायचा, हा सगळा एकाच दोऱ्यात ओवलेला हिशेब होता. तो दोरा वरच्या टोकाला तुटला तर खालच्या टोकाची पेठ कोरडी पडायला किती दिवस लागतील? आणि गवा म्हणाल तर तो आता जंगलातच राहतो असेही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तो कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत येऊन गेला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

असो. शेतकऱ्याची हकिकत ऐकल्यावर मी आणि आमच्या गल्लीतले एक गादी कारखानेवाले नदाफ बंधू, दोघे हंगामात त्या बाजूला जाऊन आलो. दोन दिवस राहिलो. उगवाई देवीच्या देवळाजवळ बसून वाटाड्यांशी बोललो, जीपवाल्यांशी बोललो, त्या काटे टाकणाऱ्या शेजाऱ्याशीही बोललो. त्याने चहा पाजला. माणूस वाईट नाही. नुकसान भरपाईसाठी पंचनामा होतो, वनखात्याकडून पैसेही येतात. पण ते येईपर्यंत पेरणीची वेळ निघून जाते आणि आलेल्या रकमेत वर्षाचे तांदूळ येत नाहीत, एवढेच त्याचे म्हणणे होते. गवा मारावा असे तो एकदाही म्हणाला नाही. त्याचा राग गव्यावर नव्हता, शेजाऱ्याच्या नव्या रंगाच्या भिंतीवर होता.

मग आम्ही पाहुण्याच्या पैशाचा हिशेब एका पुठ्ठ्यावर मांडला. पुण्याकडचे चार माणसांचे एक कुटुंब दोन दिवसांसाठी आले आणि दहा हजार रुपये खर्च करून गेले, असे धरा. पेट्रोलचे पैसे वाटेतल्या पंपावर गेले. येता-जाता जेवण हमरस्त्यावरच्या हॉटेलात झाले. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे, वेफर्स घरूनच आणले. मुक्काम रिसॉर्टमध्ये. गावात उरले ते जंगलात फिरवणाऱ्या गाडीचे भाडे, वाटाड्याची मजुरी, प्रवेशाचे शुल्क आणि दोन वेळचा चहा. नदाफ बंधूंनी बेरीज केली आणि म्हणाले, "भाई, दहातले दीड हजारसुद्धा गावात थांबत नाहीत." हा आमचा पुठ्ठ्यावरचा हिशेब आहे, कोणी मोजदाद केलेली नाही. पण धंदा करणाऱ्याला एवढा अंदाज पुरतो.

आता, हे गावाला जमणारच नाही का? जमते. कोकणात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे, नाना फडणवीसांचे गाव म्हणून पुष्कळांना ठाऊक असेल. तेथल्या समुद्रकिनाऱ्यावर कासविणी अंडी घालायला येतात. ती अंडी पूर्वी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. घरटी जाळीच्या आवारात हलवायची, पिल्ले बाहेर आली की समुद्रात सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, लोक पिल्ले पाहायला येऊ लागले. तेथे मोठे हॉटेल उठले नाही, पाहुणे घराघरांतून उतरतात आणि घरची बाई रांधते तेच जेवतात. कालपर्यंत अंड्याची किंमत होती ती बाजारात विकल्यावर. आता ते वाळूत राहिले तर त्याची किंमत जास्त. एवढा फरक पडला की राखण करायला पोलीस लागत नाही.

साताऱ्याच्या कास पठाराची गोष्ट थोडी निराळी आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखे जास्त आहे. फुलांच्या हंगामात तेथे एवढी गर्दी लोटली की फुले पायाखाली जाऊ लागली. मग आसपासच्या गावांच्या वन समित्यांनी वनखात्याबरोबर कारभार हाती घेतला. प्रवेशाला शुल्क, रोजच्या माणसांवर मर्यादा, आधी नोंदणी, गाड्या लांब उभ्या करायच्या, गावचीच मुले पहाऱ्यावर आणि माहिती सांगायला. हे चांगले झाले. पण त्याचबरोबर पठाराला तारेचे कुंपण घातले गेले आणि गुरांचे चरणे थांबले. काही वर्षांत जाणकार आणि गावकरी दोघेही म्हणू लागले की गुरे चरत नाहीत म्हणून गवत माजते आणि लहान फुलांना जागा राहत नाही. शेवटी कुंपण काढावे लागले. ज्या गुराख्याला कोणी बैठकीत बसवत नाही, त्याच्या गुरांच्या खुरांवर आणि तोंडावर त्या फुलांचे भवितव्य होते. आमचा भातवाला शेजारी तसाच आहे.

आपल्याकडे राधानगरीत बायसन नेचर क्लबच्या मंडळींनी काजवा महोत्सव सुरू केला, त्याची आता चांगली चर्चा असते. मे महिन्याच्या अखेरीस, वळवाचे चार शिंतोडे पडले की झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. मी ते आयुष्यात प्रथमच पाहिले आणि खरे सांगतो, तोंडातून सुबहानल्लाह याशिवाय शब्द निघाला नाही. पण पाहायला येणारा माणूस गाडीचे दिवे चालू ठेवून येतो, मोबाइलची बत्ती पाडून फोटो काढतो. काजव्याचा तो प्रकाश म्हणजे नराने मादीला घातलेली साद आहे. भोवती उजेड झाला की साद दिसत नाही, जोडी जमत नाही आणि पुढच्या वर्षी काजवे कमी. जीपवाल्याला वाटते गिऱ्हाईक खूष व्हावे म्हणून गाडी अगदी झाडाखाली न्यावी. एका जीपवाल्याने नेली की दुसरा मागे कसा राहील? येथे सर्व जीपवाल्यांनी एकाच वेळी, एकाच जागी गाड्या थांबवायचे ठरवले तरच निभाव आहे. एकट्याने सज्जनपणा केला तर त्याचे गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाते, ही अडचण कापड बाजारात बसणाऱ्याला समजावून सांगायला नको.

आपल्या बाजारात यावर जुने तोडगे आहेत, ते खेड्यापर्यंत गेले पाहिजेत. माल खराब निघाला, माप कमी भरले, रंग सुटला, तर आपण लगेच कोर्टात जात नाही. पेठेची वांधा कमिटी असते. माल पंचांपुढे पसरतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि निकाल देतात. तो निकाल मोडणाऱ्याला पुढे पेठेत उधार मिळत नाही. कायद्यापेक्षा ही भीती मोठी असते. त्या आठ घरांनी, जीपवाल्यांनी आणि वाटाड्यांनी मिळून अशीच कमिटी केली तर दर पडण्याचे कारण राहणार नाही. रिक्षा स्टँडवर नंबर लागतो तसा घरांचा नंबर लागावा, पाहुणा ज्याच्या नंबरला आला त्याचा. जीपवाल्याची दलाली उघड ठरवून द्यावी. लपूनछपून शंभर घेण्यापेक्षा उघड पन्नास त्यालाही परवडतात, कारण मग त्याला दारोदार हिंडावे लागत नाही. गावात वनखात्याची ग्राम परिस्थितीकीय विकास समिती असते, २०१५ पासून जन-वन विकास योजनाही आहे. तेव्हा नवीन संस्था काढण्याची गरज नाही. आहे त्या समितीत दर आणि नंबर यांचा ठराव लिहून सह्या झाल्या तरी पुरे. सह्यांत घरच्या बायकांच्या सह्या असाव्यात, असे मी आवर्जून सांगितले. रांधणे, धुणे, झाडणे सगळे त्याच करतात, आणि दर पाडायचा निर्णय मात्र पारावर बसलेले पुरुष घेतात.

शेजाऱ्याचा प्रश्न राहिला. जुन्या पेठांत दर गठ्ठ्यामागे धर्मादाय म्हणून थोडी रक्कम बाजूला काढण्याची रीत होती. तिच्यातून पाणपोया चालत, धर्मशाळा उभ्या राहत. कोणाला ती जड वाटत नसे. तसेच दर पाहुण्यामागे वीस रुपये वेगळे काढावेत आणि ज्याचे पीक गव्याने खाल्ले त्याला, सरकारी भरपाईची वाट न पाहता, पेरणीच्या आधी द्यावेत, असे आम्ही सुचवले. हंगामात सहाशे पाहुणे आले तर बारा हजार रुपये होतात. रक्कम मोठी नाही. त्यात कोणाचे वर्ष निघणार नाही. पण बियाणे निघेल. शिवाय गवा दिसल्यावर मिळणाऱ्या पैशात आपलाही वाटा आहे हे त्याला कळेल. एक घरवाला लगेच म्हणाला, "आमच्या घामाचं पैसं त्याला कशापायी?" त्यावर नदाफ बंधू म्हणाले, "वाट त्याच्या रानातून आहे म्हणून." तो गप्प बसला. पटले की नाही, कोण जाणे.

आता आपल्याविषयी दोन शब्द, आणि ते जरा कडू आहेत.

१९९८ च्या सुमारास मी अब्बांच्या पेढीवर नवाच बसू लागलो होतो. डोंगराकडच्या भागातला एक लॉजवाला चाळीस चादरी घ्यायला आला. खेडवळ दिसला. मी त्याला यंत्रमागाचा दुय्यम माल, कच्च्या रंगाचा, पक्का म्हणून दिला. पहिल्याच धुण्यात रंग सुटला आणि एका पाहुण्याचा पांढरा सदरा लाल झाला. तो माणूस भांडायला आला नाही. त्याने वांधाही काढला नाही. तो परत कधी आलाच नाही, आणि त्याच्या बाजूची सहा-सात गिऱ्हाइके एकेक करून दुसऱ्या पेढीवर गेली. अब्बांना कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "चाळीस चादरी विकल्यास, पण एक रस्ता बंद केलास." खेड्यातून येणारे गिऱ्हाईक म्हणजे खराब माल खपवायची जागा, ही समजूत आपल्या पेठेत अजून गेलेली नाही. गावच्या घरात उतरलेला पाहुणा रात्री अंगावर घेतो ती आपली चादर असते. ती टोचली, वास आली, विटली तर नाव गावाचे खराब होते आणि चादरवाला मोकळा सुटतो.

दुसरी गोष्ट आपल्या सहलींची. सुट्टी लागली की कोल्हापूर, मिरज, इचलकरंजीहून आपली कुटुंबे टेंपो-ट्रॅक्स भरून डोंगराला जातात. डेग बरोबर, गॅस बरोबर, पुलावाचे सामान बरोबर, थर्माकोलच्या पत्रावळ्याही बरोबर. गावात आपण एक रुपया खर्च करत नाही आणि परतताना पत्रावळ्या ओढ्याकाठी ठेवून येतो. गावकरी तोंडावर बोलत नाहीत, पण मनात ठेवतात. जबीहाचा प्रश्न असतो म्हणून बाहेरचे खात नाही, असे आपण सांगतो, आणि ते मटण-कोंबडीपुरते खरेही आहे. पण भाकरी, झुणका, आमटी, तांदूळ, ताक यांना जबीहा लागत नाही. मासळीलाही लागत नाही. चार घरांत आधी सांगून ठेवले तर स्वच्छ भांड्यांत गरम जेवण मिळते; मी आणि नदाफ बंधू दोन दिवस तेच जेवलो. डेग घरी ठेवली तर टेंपोत जागाही होते.

काही वाचकांच्या मनात दुसरीच शंका असेल आणि ती मी झाकून ठेवणार नाही. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या वाटेवर गजापूरला जे झाले, घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली, त्यानंतर 'डोंगराकडच्या गावांत आपण कशाला जायचे' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांची भीती खोटी नाही. पण त्यानंतर गडावर जाण्याला बरेच दिवस मनाई राहिली तेव्हा त्या वाटेवर चहा विकणारा, नारळ विकणारा, जीप चालवणारा, कोणत्याही समाजाचा असो, सगळ्यांचाच गल्ला रिकामा होता. बाहेरून आलेला माणूस मोडतोड करून निघून जातो. शेजारी-शेजारी राहणाऱ्यांना तेथेच राहायचे असते. ज्या गावाच्या देण्या-घेण्यात आपला हात आहे, ज्याच्या वहीत आपले आणि आपल्या वहीत ज्याचे नाव आहे, त्या गावात आपल्या बाजूने बोलणारा कोणी तरी असतो. ही हमी नाही. तरीही मला घरात बसून राहण्यापेक्षा ही वाट बरी वाटते.

शेवटी ज्या कामासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. त्या आठ घरांची सर्वांत मोठी अडचण अंथरुणाची आहे, हे तेथे गेल्यावर कळले. पाहुणे येतात साधारण सात महिने. मग पाऊस सुरू होतो, आणि तेथला पाऊस म्हणजे आपल्या शहरातला पाऊस नव्हे. भिंतींना पाझर फुटतो. कापसाच्या गाद्या ओल धरतात, बुरशी येते, ऑक्टोबरात उघडल्या की वास येतो. मग फोमची स्वस्त गादी आणतात, ती एका हंगामात बसते आणि फेकून द्यावी लागते. ती कोठे फेकतात ते विचारू नका. दरवर्षी नवे अंथरूण घ्यायला घरात पैसा नसतो, म्हणून उधारी, आणि उधारीवर व्याज मागणारे भेटतातच.

नदाफ बंधूंनी यावर काढलेला उपाय असा: गाद्या, उशा, चादरी यांची मालकी आपल्याकडे ठेवायची आणि गावाला हंगामापुरत्या भाड्याने द्यायच्या. लग्नात मंडपवाले गाद्या-गिरद्या देतात तशाच. भाडे पाहुण्यामागे; पाहुणा आला तर भाडे, नाही आला तर नाही. नफा-तोटा दोघांचा, असा व्यवहार. जूनमध्ये माल खाली आणायचा, कापूस उकलून पिंजायचा, उन्हात घालायचा, खोळी धुवायच्या, आणि दिवाळीआधी परत वर पोहोचवायचा. पिंजणाऱ्याला मंदीच्या दिवसांत काम मिळते. खोळींसाठी लागणारे कापड इचलकरंजीचे घेता येईल, पक्क्या रंगाचे, आणि या वेळी रंग मी स्वतः धुऊन तपासणार आहे. ज्यांना घोंगडी हवी त्यांच्यासाठी सनगरांकडून दहा-वीस घोंगड्या घेण्याचाही विचार आहे. शहरातल्या पाहुण्याला ती टोचते, पण थंडीत मागतो तीच. बागवान बंधूंनीही लक्ष घालावे. त्या भागातली जांभळे आणि करवंदे गावच्या बायका मिळेल त्या भावाने टोपलीने देऊन टाकतात. तीच त्यांच्याकडून ठरलेल्या भावाने उचलली तर पाहुणे नसतानाही त्या घरांत चार पैसे येतील.

पहिल्या वर्षासाठी साठ गाद्यांचा अंदाज आहे. चौघे जण तयार झाले आहेत: दोन गादीवाले, एक टेंपोवाला आणि मी. गावाकडून आठपैकी सहा घरांनी होकार दिला. एकाने अजून कळवले नाही, एक जण रिसॉर्टला जागा विकण्याच्या विचारात आहे. काटे टाकलेली पायवाट मार्चमध्ये उघडली होती, मेमध्ये पुन्हा बंद झाली. वीस रुपयांचा डबा कोणाकडे ठेवायचा यावरून वाद आहे, असे कानावर आले. त्यासाठी येत्या महिन्यात आम्ही पुन्हा वर जाणार आहोत.

अडले आहे ते गोदामावर. साठ गाद्या पावसाळाभर ठेवायला कोरडी, उंदीर नसलेली, शक्य तो पहिल्या मजल्यावरची जागा हवी. पंचगंगेच्या पुराचे पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये कोठपर्यंत आले होते ते लक्षात ठेवूनच जागा सुचवावी. लक्ष्मीपुरी किंवा शाहूपुरीच्या बाजूला कोणा बंधूंकडे अशी जागा चार महिने रिकामी असेल, तर त्यांनी जूनच्या आधी पेढीवर येऊन भाड्याचे बोलून घ्यावे.